असंच लिहू का?

"सूनबाई, याला लोकांच्या मधोमध उभा करू नकोस हं. जरा बाजूला ठेव. माणसांना आधी माणसं दिसली पाहिजेत, कागद मागाहून."

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं बोलणं. बोलणारे गृहस्थ सुतार होते आणि त्यांच्या हातात तेव्हा माझा तिसरा पाय होता.

मी एक जुना, तीन पायांचा लाकडी स्टँड आहे. तुमच्या पाळणाघराच्या कोपऱ्यात, चपलांच्या कप्प्याशेजारी उभा असतो, तोच. आया कामाला निघाल्या की तुम्ही इथे येता, माझ्यावर आपली चित्रं लावता आणि मला लाकडी काका म्हणता. मला ते आवडतं. पण हे पाळणाघर एकदा बंद पडायला आलं होतं आणि ज्या एका शब्दामुळे ती वेळ आली तो माझ्याच छातीवर लिहिला गेला होता, हे तुमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. तेच आज सांगणार आहे. पण त्याआधी थोडं माझं ऐका. म्हाताऱ्यांना आधीचं सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

एका मोडक्या कपाटाच्या दारांतून मी जन्मलो. सुतारबाबांनी मला रंधा मारून गुळगुळीत केलं, वर कागद धरायला दोन चाप बसवले, खाली पेनांसाठी खोबण कोरली आणि मागचा पाय फार फाकू नये म्हणून एक बारीक साखळी लावली. हे सगळं त्यांनी आपल्या सुनेसाठी केलं. तिला सगळे ताई म्हणत. ताई कार्यशाळा घ्यायच्या. म्हणजे एकत्र काम करणाऱ्या माणसांना गोलात बसवायचं, त्यांना बोलतं करायचं आणि उठण्याआधी त्यांनी आपलं आपण काहीतरी ठरवलेलं असेल असं बघायचं.

"म्हणजे लोकांना बोलायला लावायचं?" सुतारबाबा हसले होते. "अगं, लोक गप्प कधी बसतात?"

"कामाचं सोडून सगळं बोलतात, बाबा," ताई म्हणाल्या.

खरं सांगू का मित्रांनो, सुरुवातीला ताईंना ते जमत नसे. त्या सुरेख बोलायच्या, आणि तिथेच सगळं अडायचं. प्रश्न विचारायच्या आणि समोरच्याने तोंड उघडण्याआधी उत्तरही आपणच देऊन टाकायच्या. एकदा एका मोठ्या दवाखान्यातल्या परिचारिकांची कार्यशाळा होती. चहाच्या सुट्टीत तिथल्या वयस्कर मुख्य परिचारिका कप घेऊन माझ्याजवळ आल्या. माझ्यावरचे भरगच्च कागद त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचले.

"ताई, फार छान बोलता हो तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण मग आम्हाला कशाला बोलावलंत? रात्रपाळी करून आलोय. घरी झोपलो असतो."

सगळ्या हसल्या. ताईही हसल्या. पण परतताना बसमध्ये मला मांडीवर आडवा घेऊन त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या, त्यांचा थांबासुद्धा मागे गेला.

त्या दिवसापासून ताई थांबायला शिकल्या. दिसायला सोपं, करायला महाकठीण. प्रश्न विचारला की त्या माझ्याकडे वळायच्या आणि खोबणीतली पेनं नीट लावत बसायच्या. लोकांना वाटे, बाई पेन शोधताहेत. मला मात्र त्यांच्या बोटांचा ताण कळायचा. ओठांवर आलेलं उत्तर त्या गिळत असायच्या. शांतता इतकी लांबायची की कुणीतरी खोकायचं, कुणी खुर्ची सरकवायचं आणि मग बहुधा दाराजवळ बसलेलं, उठून जायच्या तयारीतलं माणूसच हळूच म्हणायचं, "मी बोलू का?"

हळूहळू त्यांचा हात बसला. त्या सगळ्यांच्या आधी येऊन स्वतः खुर्च्या मांडायच्या आणि एकेका खुर्चीत बसून मी तिथून दिसतो का ते बघायच्या. चारचौघांत न बोलणाऱ्यांना आधी शेजारच्याशी बोलायला सांगायच्या. एक बसचालक काका होते, सुरू झाले की थांबायचं नाव नाही. ताई हात जोडून म्हणाल्या, "काका, तुमची गाडी पोचली. आता मागच्यांना पुढे येऊ द्या." काका सगळ्यांत मोठ्याने हसले आणि गप्प बसले.

ताईंचे दोन नेम होते. सकाळी काम सुरू करण्याआधी त्या मला ओल्या फडक्याने पुसायच्या, माझ्या माथ्यावर हात ठेवून डोळे मिटायच्या आणि पुटपुटायच्या, "देवा, आज मला कमी बोलू दे." दुसरा नेम लिहिण्याचा. कुणी काही सांगितलं की त्या पेन उचलायच्या आणि त्या माणसाकडे बघून विचारायच्या, "असंच लिहू का?" तो हो म्हणाला की मगच अक्षर उमटायचं. वेळ लागायचा, पण त्यांनी कधी घाई केली नाही.

काय दिवस होते ते! किती खोल्या पाहिल्या मी, किती जिने चढलो. अंगाला शाईचा वास असायचा. दिवसाच्या शेवटी माणसं आपापली वाक्यं माझ्यावर शोधायची. "हे माझं," असं दुसऱ्याला दाखवायची, तेव्हा मला सरळ उभं राहावंसं वाटे.

मग ताईंचा हात थरथरू लागला. अक्षर वाकडं यायला लागलं, बोलावणी कमी झाली आणि माझी जागा त्यांच्या घराच्या दारामागे झाली. शेजारी छत्र्या, एक फाटका रेनकोट. धूळ बसत गेली. त्या जाता-येता माझ्यावर हात ठेवायच्या, पण उचलत नसत.

एके दिवशी ताईंच्या भावाची मुलगी राहायला आली. भराभर बोलायची म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. तिला आत्याचंच काम शिकायचं होतं. मुलगी हुशार. खुर्च्या मांडणं, वेळ सांभाळणं, लाजऱ्यांना बोलतं करणं, सगळं तिने पटकन उचललं. फक्त "असंच लिहू का?" हे तिला पटेना.

"आत्या, किती वेळ जातो त्यात. लोक पाल्हाळ लावतात. मी नेमकं सार लिहिते ना."

ताई म्हणाल्या, "सार काढायचंच असेल तर त्यांनाच काढू दे." चिमणीने मान डोलावली. ती मान पटल्याची नव्हती, विषय संपवायची होती, हे मोठ्यांना चांगलं कळतं.

आता पाळणाघराकडे येतो.

हे पाळणाघर तुमच्या आयांनीच मिळून चालवलेलं. मुलं सांभाळायला मावशी. तुमच्या आताच्याच मावशी, तेव्हा केस जरा काळे होते एवढंच. एका दुपारी फाटक उघडं राहिलं आणि छोटा गट्टू चालत बाहेर गेला. कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात पंपाच्या दांड्याशी लोंबकळताना सापडला. लागलं काही नव्हतं. पण आया हादरल्या. कुणी म्हणे मावशींना काढा, कुणी म्हणे मग मुलं कोण बघणार. गट्टूची आई पाळणाघराची सगळी व्यवस्था बघायची आणि औषधांच्या दुकानात काम करायची. ती तर मावशींशी बोलायचीच बंद झाली. शेवटी ठरलं, एकदा सगळ्यांनी बसायचं. मार्ग निघाला नाही तर पाळणाघराला कुलूप लावायचं.

ही चिमणीची पहिली स्वतंत्र कार्यशाळा. ताई मागे भिंतीशी बसल्या. मला पुसून, चाप घट्ट करून उभं केलं होतं. पुन्हा अंगावर कोरा कागद आला तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

सुरुवात चांगली झाली. आया बोलल्या, रडल्या, जरा निवळल्या. मग चिमणीने मावशींकडे पाहिलं आणि ती थांबली. छान थांबली. मावशी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. म्हणजे लक्ष घरी होतं सगळं."

चिमणी वळली आणि माझ्यावर मोठ्या, रेखीव अक्षरांत तिने लिहिलं, 'निष्काळजीपणा'.

मित्रांनो, मी लाकडाचा आहे. मला अंग चोरता येत नाही. सगळ्या आया तो शब्द वाचत होत्या. मावशींनीही वाचला, एकेक अक्षर जुळवत. मग त्या उठल्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "लिहिलंय तर खरंच असेल."

पिशवी उचलून त्या निघून गेल्या. मागोमाग आयांमध्ये कुजबुज वाढली. "कबूलच केलं की तिने," गट्टूची आई म्हणाली. दुसरी म्हणाली, "मग आता उद्या जागेची किल्ली परत देऊन टाकू."  चिमणीने कसंबसं एवढंच मागितलं, की उद्या सकाळी एकदा, शेवटचं बसू या.

खोली रिकामी झाल्यावर ती ताईंवर उखडली. "तू का नाही बोललीस, आत्या? तुला दिसत होतं ना सगळं?"

"मी बोलले असते तर ती बैठक माझी झाली असती," ताई शांतपणे म्हणाल्या. "मावशी काय म्हणाल्या, आठवतंय तुला?"

चिमणीला शब्दन्शब्द आठवत होतं. ते म्हणताना तिचा आवाज बारीक होत गेला. मग तिने मला मिटलं, खांद्यावर घेतलं आणि घरी न जाता थेट मावशींचं घर गाठलं.

मावशींनी दार उघडलं, आधी तिला पाहिलं, मग मला. "आता घरी येऊन लिहिणार आहेस का?"

"नाही. चुकलं ते सांगायला आले."

मावशी दारातून बाजूला झाल्या. आत कॉटवर त्यांच्या सासूबाई झोपल्या होत्या, उशाशी औषधाच्या बाटल्या. मला भिंतीला टेकवून चिमणी खाली बसली.

"मी बोलले ते एवढं लांब नव्हतं गं," मावशी म्हणाल्या. "मावलं असतं तुझ्या कागदावर."

"मावलं असतं, मावशी. मीच घाई केली. उद्या याल? तुम्ही सांगाल तेच लिहीन, तुम्ही थांबा म्हणालात तर थांबेन."

मावशी उठल्या. त्यांनी चहा टाकला, दोन कपांचा.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या, सगळ्यांच्या नंतर, आणि दाराजवळच्याच खुर्चीत बसल्या. चिमणीने आधी कालचा कागद माझ्यावर लावला. "हा शब्द मावशींचा नाही, माझा आहे," ती म्हणाली आणि त्यावर तिने काट मारली. मग कोरा कागद लावून पेन हातात घेऊन ती उभी राहिली.

मावशी सावकाश बोलल्या. सासूबाईंना रात्रभर धाप लागली होती. सकाळी घरी कुणी थांबायला नव्हतं. दुपारी गाद्या घालताना घराशेजारची बाई रस्त्याने जाताना दिसली, तिला सासूबाईंचं विचारावं म्हणून त्यांनी फाटक उघडलं, तेवढ्यात आतलं मूल रडलं म्हणून धावत परतल्या. कडी लावायची राहिली.

"असंच लिहू का?" चिमणीने विचारलं.

"लिही. आणि हेही लिही, की आदल्या दिवशी मी रजा मागितली होती."

पेन चाललं. मग थांबलं.  मला वाटलं, चिमणी आता काहीतरी बोलून ही शांतता मोडणार. पण ती माझ्याकडे वळली आणि खोबणीतली पेनं लावू लागली. तिची बोटं थंडगार होती.

"माझ्याकडेच मागितली होती," गट्टूची आई म्हणाली. ती जमिनीकडे बघत होती. "मी दुकानाला निघाले होते. म्हटलं, उद्या बघू. नंतर लक्षातच राहिलं नाही."

चिमणीने पेन उचललं आणि नुसतं तिच्याकडे पाहिलं.

"असंच लिही," गट्टूची आई म्हणाली. मग मावशींकडे बघून, "यापुढे तुम्हाला रजा लागेल त्या दिवशी मुलांपाशी मी थांबेन. दुकानात संध्याकाळची पाळी मागून घेईन. हे पण लिही गं."

पुढचं मग आयांनीच ठरवलं. फाटकाला वरच्या बाजूला कडी बसवायची, आणि रजेचा निरोप एकीलाच न देता दोघींना द्यायचा. चिमणी फक्त लिहीत होती. किल्ली कुणी परत दिली नाही. जाताना ताईंनी मला इथेच ठेवलं, म्हणाल्या, "इथे याला काम आहे."

मित्रांनो, लाकूड पुसलं नाही तर धूळ धरतं, साखळीला तेल दिलं नाही तर ती कुरकुरते. माझी तेवढी काळजी तुम्ही घेताच. पण माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यापैकी कुणी उद्या लोकांना गोलात बसवेल. तेव्हा समोरच्याचं बोलणं पुरतं होऊ द्या, आणि ते लिहायचं झालं तर त्याला विचारून लिहा. उशीर झाला तरी चालेल.

आज सकाळी मावशींचा निरोप आला. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं. तुम्ही चित्रांत गुंग होतात, तुमचं लक्ष नव्हतं. गट्टूची आई आली, पर्स खुंटीला अडकवली, मावशींचा एप्रन घेतला आणि बांधत बांधत फाटकाकडे निघाली.

"आई, आज दुकान नाही?" गट्टूने विचारलं.

"आहे की. संध्याकाळी," ती म्हणाली आणि हात उंच करून तिने वरची कडी लावली.