नळाचं फडकं

ज्ञानदेवने नळाच्या तोंडाला बांधलेलं फडकं सोडलं आणि पिळून दोरीवर टाकलं. आंघोळ करून तो बाहेर आला, तेव्हा फडकं पुन्हा नळाला होतं. शेजारी आईची भरलेली पिशवीही होती.

"आई, हे पाणी गाळूनच येतं."

"आज नितळ येतंय. उद्या कसलं देत्याल कुनाला ठावं?" जाईबाई म्हणाल्या. "गावचं तरी ठावकीचं हाय. मला दुपारच्या बसमधी बशिव."

पिंपरीच्या कामगार वसाहतींना पाणी पुरवणाऱ्या केंद्रात ज्ञानदेव केमिस्ट होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. वडील गेल्यापासून आई चाकणपलीकडच्या गावात एकटी राहत होती. आत्ता कुठे ती त्याच्याकडे राहायला आली होती, आणि आज ती बसमध्ये बसली तर पुन्हा यायची नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जाता जाता माझं काम तरी बघ, म्हणून त्याने तिला केंद्रावर नेलं.

प्रयोगशाळेच्या टेबलावर काचेची सहा भांडी ओळीने मांडली होती. नदीच्या पाण्यात कुजलेल्या पाल्याचा अर्क उतरला होता. सगळ्या भांड्यांत कोऱ्या चहासारखं पाणी.

"हा रंग फडक्याने जात नाही. पाला पाण्यात विरघळलेला असतो. तुरटीने त्याचे पुंजके होतात आणि तळाला बसतात."

पहिल्या भांड्यात त्याने तुरटी घातलीच नाही, पुढे थोडी थोडी वाढवत नेली. पाणी ढवळून निवळू दिलं. पहिलं पिवळंच राहिलं, पुढची उजळत गेली, पाचवं अगदी नितळ झालं, सहावं जास्तीच्या तुरटीने पुन्हा धुरकटलं. आई आता शाबासकी देणार, असं त्याला वाटलं.

जाईबाईंनी वाकून एकेक भांडं पाहिलं आणि पहिल्यावर बोट ठेवलं.

"ह्ये आपलं, व्हय?"

"आपलं म्हणजे?"

"नितळ हाय ते सायबाचं. मधलं बाकीच्यांचं. आन् ह्ये आपल्या लोकांचं."

गावच्या विहिरीला शिवायची त्यांच्या जातीला सोय नव्हती. वस्तीच्या वाट्याला जांभळीखालचं डबकं, बारा महिने पिवळं. आईने फडक्यातून गाळलेलं तेच पाणी पिऊन तो मोठा झाला होता. आणि आपण तिला तुरटी समजावत बसलो! त्याने पाचवं भांडं तिच्यापुढे सरकवलं.

"ही वाटणी नाही गं आई. किती तुरटी लागेल ते बघायचं फक्त. मग सगळंच पाणी ह्या पाचव्यासारखं करायचं."

"सायबाचं बी?"

"साहेबाचंही. टाकी एकच आहे."

जाईबाईंनी पाचवं भांडं उचलून उजेडात धरलं.

"आन् कसं द्यायचं ते ठरीवतं कोन?"

"आज मी."

दुपारची बस निघून गेली, तेव्हा जाईबाई घरी नळापाशी होत्या. फडक्याची गाठ पाण्याने घट्ट बसली होती. त्यांनी ती दातांनी सोडवली. मग नळाखाली तांब्या धरला आणि उभ्याउभ्याच पाणी प्यायल्या.

फडक्याने त्यांनी ओटा पुसायला घेतला.