चाळीसची चपटी लेन्स

लेन्स उजेडाकडे धरून फोटोग्राफरने एक डोळा मिटला, आत कुठे बुरशी धरलीय का ते पाहिलं आणि मान हलवली. काच स्वच्छ होती. मग त्याने ती कॅमेऱ्याला बसवली, दुकानाच्या दारात जाऊन समोरच्या इमारतीच्या विटांचा फोटो काढला आणि स्क्रीनवर एक कोपरा मोठा करून बघितला. तिथल्या विटा साबणाच्या पाण्यातून पाहिल्यासारख्या दिसत होत्या.

"कोपरे मऊ आहेत रे."

"एवढ्या स्वस्तात तुला कोपरेही हवेत?" दुकानदाराने विचारलं. जुन्या लेन्स विकणाऱ्या या मित्राला सगळे भिंगवाला म्हणत, इतकी वर्षं की त्याचं खरं नाव बहुधा फक्त त्याच्या आईला आठवत असावं.

काउंटरवर आणखी दोन लेन्स होत्या. पन्नास मिलिमीटरची चांगली धारदार होती, पण घरातल्या घरात फोटो काढायचा तर भिंतीला पाठ टेकूनही माणूस चौकटीत मावत नव्हता. पस्तीसची सर्वगुणसंपन्न होती, फक्त तिची किंमत ऐकून फोटोग्राफरने ती अलगद खाली ठेवली होती. राहता राहिली ही चाळीसची. बाटलीच्या झाकणाएवढी चपटी, फोकस करताना किरकिरणारी आणि कोपऱ्यांत आळशी. पण कॅमेऱ्यावर लेन्स बसवली आहे हे मुळी कळतच नव्हतं, आणि त्याला नेमकं तेच हवं होतं.

त्याचा सगळा धंदा समारंभांचा. हातभर लांब झूम लेन्स घेऊन सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहायचं आणि परक्या माणसांना हसताना टिपायचं, यात त्याचा हातखंडा होता. घरी मात्र सगळी बोंब. तीच लेन्स घेऊन तो बाल्कनीच्या टोकाला गेला की बायको शिलाई मशीन थांबवायची, ओठ मिटायची आणि शिक्षा भोगावी तशी समोर बघत राहायची. त्या लेन्सला ती तोफ म्हणायची. परवा मुलीने नव्या घरात लावायला आईचा फोटो मागितला आणि त्याने पाठवलेले सगळेच्या सगळे नापास केले. यांत आई पासपोर्ट काढायला आल्यासारखी दिसते, असं तिचं म्हणणं. हसतानाचा एकही नाही का बाबा, तुम्ही फोटोग्राफर ना, असंही तिने वर विचारलं.

ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून एक भीती त्याच्या मनात घर करून बसली होती. आपल्यासमोर हसावं असं तिला वाटतच नसेल तर? हे विचारायचं धैर्य काही त्याला झालं नाही. त्याऐवजी त्याने बेत आखला की छोटीशी लेन्स घ्यायची आणि तिच्या नकळत, गुपचूप फोटो काढायचा.

तेवढ्यात बायको दुकानात आली. तिची बटणांची आणि अस्तराची खरेदी आटोपली होती. भिंगवाल्याने वहिनी वहिनी करत तिला स्टूल दिलं. बसल्या बसल्या तिची नजर त्याच्या शर्टाच्या तुटक्या बटणावर गेली. असल्या शर्टात गिऱ्हाइकं उधारी मागतील, असं म्हणत ती पिशवीतून एकेक बटण काढून त्याच्या शर्टाला लावून पाहू लागली.

फोटोग्राफरने संधी साधली. काउंटरच्या आडून, जेमतेम दोन पावलांवरून त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्स किरकिरली. बायकोने मान वर केली. झालं, आता मिटणार ओठ. पण ती बघत राहिली, तिच्या गालाला खळी पडली आणि मग खांदे हलेपर्यंत ती हसली. त्याने बटण दाबलं.

स्क्रीनवर ती तशीच्या तशी हसत होती. कोपऱ्यांचा त्याला विसर पडला.

"जमलं," तो भिंगवाल्याला म्हणाला. "हिला कळलंसुद्धा नाही."

"न कळायला काय झालं?" बायको म्हणाली. "तुमच्याकडेच तर बघत होते."

त्याने पुन्हा फोटो पाहिला. खरंच, तिचे डोळे थेट त्याच्यावर रोखलेले होते.

"मग हसलीस कशाला?"

"फोटो काढताना तुम्ही जीभ बाहेर काढता. लहान मुलं चित्र काढताना काढतात ना, तशी."

"ते तर आमच्या सगळ्या धंद्याला माहीत आहे, वहिनी," भिंगवाला म्हणाला.

"मला कुठून माहीत असणार?" ती पिशवीत बटणं भरत म्हणाली. "माझ्यासमोर कायम ती तोफ. तिच्यामागे यांचं तोंडच दिसत नाही. मग हसायचं कुणाकडे बघून?"

इतकी वर्षं आपण हिला कॅमेऱ्यातून बघत होतो आणि हिला आपण दिसतही नव्हतो, हे फोटोग्राफरच्या डोक्यात उशिरा शिरत होतं. आतून मात्र त्याला कमालीचं हलकं वाटलं. भिंगवाल्याने लेन्स खोक्यात घालू का म्हणून विचारलं, तर त्याने नको म्हणून हात केला. राहू दे कॅमेऱ्यावरच.

"अजून एक काढतो," तो बायकोला म्हणाला. तिने चक्क होकार दिला. त्याने कॅमेरा उचलला, जिभेची आठवण झाली तसे ओठ घट्ट मिटून घेतले आणि श्वास रोखला.

"असं नको," बायको म्हणाली. "नेहमीसारखा काढा."