वर्दीचं वरचं बटण

मी एक जुनी वर्दी आहे, आणि मित्रांनो, माझी पहिली तक्रार नव्या साहेबांबद्दल आहे. परवा त्यांनी मला दोन बोटांच्या चिमटीत धरलं, नाक मुरडलं आणि ‘हे फडकं मी अंगाला लावणार नाही’ असं म्हणून खुर्चीवर भिरकावलं. नेम चुकला, मी जमिनीवर पडले. उचलायला वाकलेसुद्धा नाहीत. एकोणीस वर्षांत मला चिखल लागला, खोट्या रक्ताचा शिंतोडा उडाला, एकदा एका कुत्र्याने बाही धरून ओढली. पण फडकं मला कुणी म्हटलं नव्हतं.

मी खऱ्या पोलिसाची नाही. टीव्हीवर रोज संध्याकाळी गुन्ह्यांची जी मालिका लागते, तिच्यातल्या इन्स्पेक्टरची आहे. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. माझ्या छातीवरच्या पट्टीवर काय नाव आहे तेही मला वाचता येत नाही. पण माणूस मला आतून कळतो. कधी संवाद पाठ नाही, कधी घरी भांडण झालंय, हे कॅमेऱ्याच्या आधी माझ्या काखेला समजतं.

माझा जन्म कपडेखात्यातला. तिथल्या काकूंनी मला बेतलं, शिवलं आणि काजं हातानं केली. काकू चार यत्ता शिकल्या असतील नसतील, पण माणसाकडे नुसतं बघून खांद्याचं माप सांगतात. एकाच गडद निळ्या कापडातून आम्ही दोघी बहिणी निघालो. दोघी कशाला, ते सांगते. टीव्हीवाले नंतरचं आधी आणि आधीचं नंतर चित्रित करतात. माणूस सकाळी मरतो आणि दुपारी हसत ऑफिसात येतो. म्हणून एक वर्दी स्वच्छ लागते आणि दुसरी मरायला लागते. मी स्वच्छ. बहीण बिचारी कोरीच, मरणाची वाट बघत कपाटात.

माझ्यात पहिल्यांदा हात घातले ते जुन्या साहेबांनी, आणि एकोणीस वर्षं दुसऱ्या कुणी घातले नाहीत. घालण्याआधी ते मला एकदा झटकत, वरचं बटण सगळ्यात शेवटी लावत आणि हळूच म्हणत, “चला बाई, कामाला.” त्यांच्यासाठी काकूंनी माझी कंबर तीनदा सैल केली. तिसऱ्यांदा कापड संपलं, तेव्हा काकूंनी साहेबांनाच दम भरला.

एवढ्या वर्षांत माझ्यासमोरून किती माणसं आली नि गेली. प्रेतं तपासणारी डॉक्टर लग्न करून गेली, तिला कथेत परदेशी धाडलं. एक हवालदार निर्मात्याशी भांडला, तो पुढच्याच आठवड्यात जिन्यावरून पडून वारला. कमिशनरच्या मुलीला तीन वर्षांत तीन चेहरे झाले. सगळे तिला जुन्याच नावाने हाक मारत राहिले आणि बापालाही काही वेगळं वाटलं नाही. एक खुनी लोकांना इतका आवडला की फाशी गेल्यावर त्याचा जुळा भाऊ काढावा लागला.

जाणाऱ्यांसाठी काकूंची एक रीत आहे. ज्याची कथेत बदली होते, त्याच्या कपड्याचं वरचं बटण काढून त्या त्याच्या हातावर ठेवतात. परत आलास तर घेऊन ये, मी लावून देईन, म्हणतात. जो कथेत मरतो, त्याला बटण नाही. मेलेल्याने परत येऊ नये, लोक घाबरतात.

त्या गर्दीतला एक मुलगा मला आठवतो. अकरा वर्षांपूर्वी तो एका दिवसासाठी प्रेत व्हायला आला होता. गारठलेल्या फरशीवर ओल्या कपड्यांत त्याला सकाळपासून पडून राहायचं होतं. हलू नकोस, एवढंच त्याला सांगितलं होतं. मधल्या वेळात सगळे चहाला जात. हा मात्र पडूनच राही, कारण उठायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. जुन्या साहेबांनी ते पाहिलं, मला अंगातून काढलं आणि त्याच्यावर पांघरलं. त्याचे दात माझ्या कॉलरवर वाजत होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणाचं तरी पांघरूण झाले.

मग जुने साहेब थकले. संवाद विसरू लागले. शेजारी उभ्या हवालदाराने एक ओळ सांगावी, साहेबांनी ती म्हणावी, पुढची पुन्हा विसरावी. वरून निरोप आला की नवा इन्स्पेक्टर घ्यायचा आहे. त्यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं, खुद्द साहेबांचंही नव्हतं. प्रश्न एवढाच होता की जुन्याची बदली करायची की त्याला गोळी घालायची.

लेखक बदलीच्या बाजूचा होता. नव्या साहेबांनी त्याला माझ्यासमोरच गाठलं. मी तेव्हा जमिनीवरच पडलेली. जुना जिवंत राहिला तर लोक त्याचीच वाट बघत बसतील, असं त्यांचं म्हणणं. लेखकाला दुपारी जेवायचं होतं. त्याने गोळी लिहून टाकली.

शुक्रवार ठरला. आदल्या दिवशी काकू मला इस्त्री करत होत्या आणि जुने साहेब स्टुलावर बसून होते. त्यांच्या बायकोचं भान हल्ली जातं, हे काकूंना ठाऊक होतं. साहेब म्हणाले, “घरी मी शेजारी बसलेला असलो तरी ती मला ओळखत नाही. टीव्हीतल्याला ओळखते. रोज त्याला म्हणते, ‘जेवून घ्या.’ तिच्यासमोर त्याला कसं मारू देऊ?” काकूंनी इस्त्री माझ्या पाठीवरून दोनदा जास्त फिरवली.

कथेत आधी निरोप आणि मग गोळी, पण शुक्रवारी सकाळी गोळीचा प्रसंग आधी होता आणि निरोपाचा दुपारी. काकूंनी मरणासाठी बहिणीला काढायला कपाट उघडलं, तर बहीण जागेवर नाही. नव्या साहेबांनी काकूंना न विचारता परस्पर शिंप्याकडून ती आपल्या मापाची करून घेतली होती. खांदे कापले, कंबर आवळली. स्वतःला नवी वर्दी शिवेपर्यंत धीर नव्हता आणि मी तर फडकं. जुन्या साहेबांचा आता त्यात हातही जाईना.

मग काकूंनी मला उराशी धरलं आणि दिग्दर्शकासमोर उभ्या राहिल्या. वर्दी एकच आहे, तिला सकाळी रक्त लावलं तर दुपारी निरोप काय रक्तबंबाळ होऊन देणार का, असं त्यांनी विचारलं. आधी निरोप होऊ दे, गोळीचं नंतर बघू. दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला, पण क्रम बदलला. नवी मांडामांड होईतो दुपार झाली.

निरोपाचा प्रसंग साधा होता. जुन्या साहेबांनी, बहिणीला घालून उभ्या असलेल्या नव्या साहेबांना किल्ल्या द्यायच्या, चार वाक्यं बोलायची आणि दाराबाहेर जायचं. त्यांनी किल्ल्या दिल्या. वाक्यं विसरले. हवालदार ओळ सांगणार इतक्यात ते पुढे झाले आणि माझ्या बहिणीचं वरचं बटण, जे नव्या साहेबांनी ऐटीत उघडं ठेवलं होतं, ते त्यांनी सावकाश लावलं. कॉलर सरळ केली. आणि चार वाक्यांच्या जागी एकच बोलले, “थंडी वाजते का रे अजून?”

दात वाजावेत तसा नव्या साहेबांचा जबडा हलला आणि तेव्हा कुठे माझ्या कॉलरला ओळख पटली. जो स्वतःचा संवाद विसरतो, त्याला अकरा वर्षांपूर्वीचं प्रेत लक्षात होतं. आणि जो प्रेत होता, त्याला ते कुणाच्याही लक्षात राहायला नको होतं. म्हणूनच त्याला सगळं नवंकोरं हवं होतं, मित्रांनो. मी त्याला उगाच नुसता उर्मट समजत होते.

चित्रीकरण थांबलं. नवे साहेब सरळ लेखकाकडे गेले. “गोळी नको,” ते म्हणाले. “बदली करा. लोकांनी त्यांची वाट बघितली तरी चालेल.” लेखकाला पुन्हा जेवायला उशीर झाला.

काकूंनी दातांनी दोरा तोडून माझं वरचं बटण जुन्या साहेबांच्या हातावर ठेवलं. ते त्यांनी आपल्या घरच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकलं, खिसा दोनदा चाचपला आणि घरी गेले.

माझी आता बटणाशिवाय कपाटात जायची वेळ आली आहे. जुना कपडा टाकूच नका, असं मी म्हणणार नाही. घरं लहान असतात, कपाटं भरतात. पण टाकण्याआधी तो उचलून झटका आणि एक घडी घाला. त्याने कधी कुणाची थंडी घालवली असेल, ते त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं.

संध्याकाळी नवे साहेब मला दोन्ही हातांवर घेऊन कपडेखात्यात आले. मला हँगरला लावू लागले, तेही उलटं. मग मान खाली घालून म्हणाले, “काकू, ते प्रेत मीच होतो.”

काकूंनी मला त्यांच्याकडून घेतलं, सरळ करून टांगलं आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

“पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. खांदे बदलत नाहीत माणसाचे,” त्या म्हणाल्या. “मेलेल्याचं काम तू झकास केलंस, बाळा, दिवसभर बोटसुद्धा हलवलं नाहीस. जिवंत माणसाचं काम तू आज दुपारपासून करायला लागलास. तेवढं चालू ठेव.”