मुठीचं माप

डॉक्टरांनी मुदत दिली ती वजनकाट्याकडे बघत, माणसाकडे नाही. "पंधरा दिवसांत वेळेला वाटीभर तरी खायला लागले नाहीत, तर नाकातून नळी घालावी लागेल," म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. टेलरबाईंनी नवऱ्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. हाच गळा पाच महिन्यांपूर्वी घट्ट होत होता. आता आत चार बोटं सहज गेली, आणि जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतलेल्या बाईला त्याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नवऱ्याला सगळी गल्ली मेकॅनिक म्हणायची. शिलाई मशीन दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. खरं तर हातही एकच. डाव्याची बोटं तरुणपणीच कारखान्याच्या पट्ट्यात गेलेली. त्या एका उजव्या हातावर त्यांनी चाळीस वर्षं संसार ओढला, आणि अर्धांगवायूने नेमका तोच धरला. बोलणंही गेलं. खांदा आणि कोपर व्यायामाने जरा ताळ्यावर आले, पण मूठ मिटली ती मिटलीच.

तेव्हापासून बाई त्यांना भरवत होत्या. चार घास झाले की मेकॅनिक तोंड भिंतीकडे फिरवायचे. भूक नव्हती म्हणावं, तर वाटी समोर आली की त्यांचा घसा हलायचा. त्यांना सोसत नव्हतं ते भरवून घेणं. ज्या माणसाने कधी कुणाला "जरा तो पाना दे" म्हटलं नाही, त्याच्यापुढे बायको चमचा धरून "आ करा" म्हणत होती. बाईंना हे कळत होतं आणि रागही येत होता. जीव जायची वेळ आली तरी माणसाचा ताठा जात नाही, म्हणजे काय!

जाड दांड्याचा तयार चमचा आणून पाहिला, पण मुठीत शिरेना. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "यांच्या मुठीच्या मापाचा दांडा हवा. ग्रंथालयात थ्रीडी प्रिंटर आहे. कॉम्प्युटरवर आकार बनवून नेला की छापून देतात."

"बनवून कोण देतं?"

"ते मात्र आपलं आपण. सॉफ्टवेअर फुकट असतं."

परगावी नोकरी करणारी लेक रविवारी आली. जुन्या लॅपटॉपवर तिने ते सॉफ्टवेअर घालून दिलं, कोणती कळ कशाची हे एका कागदावर लिहून दिलं आणि गाडीची वेळ झाली तरी दारातच घुटमळली. "आई, हे शिकायला लोकांना सहा सहा महिने लागतात गं."

"मला तेरा दिवस आहेत," बाई म्हणाल्या. "तू जा, गाडी चुकेल."

दुपारी मेकॅनिक झोपले की दोन ते चार हा बाईंचा वर्ग. कापायच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी वही. उघडलं की पडद्यावर मधोमध एक करडा ठोकळा येऊन बसायचा, जणू उधारी मागायला आलाय. पहिले दोन दिवस त्या ठोकळ्याने नाकी नऊ आणले. माउस जरा हलला की तो गायब. तो मागे आहे, खाली आहे, की आपणच त्याच्या पोटात शिरलोय, काही पत्ता लागायचा नाही. शिकवणारा व्हिडिओतला माणूस परक्या भाषेत असा भरभर बोलायचा की बाईंनी त्याचा आवाजच बंद केला आणि नुसते त्याचे हात बघायला सुरुवात केली. शिवणकामही त्या अशाच शिकल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट डोक्यात शिरली आणि पुढचं सोपं झालं. इथे कुठलीच वस्तू भरीव नव्हती. सगळे चौकोनी तुकडे, कडेला कड जोडलेले. बाहीसुद्धा तशीच असते. मग त्यांनी व्हिडिओतल्या शब्दांना आपली नावं दिली. बिंदू म्हणजे टाका, कड म्हणजे शिवण, आणि तुकडा तो तुकडाच. एक सुख मात्र कापडात कधी मिळालं नव्हतं. उसवलं तरी भोकं राहत नव्हती. चुकलं की एक कळ दाबायची, केलेलं जसंच्या तसं परत.

मूठ मोजायला त्या मेकॅनिकचा हात कोमट पाण्यात धरायच्या. बोटं केसभर सैल झाली की आत दोरा सरकवायचा आणि दोरा पट्टीवर ठेवायचा. अंगठ्याकडे इतकं, करंगळीकडे इतकं, मध्ये तळव्याचा फुगवटा. मेकॅनिक छताकडे बघत असायचे. एकदा मात्र बाईंनी तोच दोरा तिसऱ्यांदा मोजला, तेव्हा त्यांनी मान वळवून वहीतला आकडा नीट वाचला. पुन्हा छत.

आठव्या दिवशी बाई पेनड्राइव्ह घेऊन ग्रंथालयात गेल्या. प्रिंटर सांभाळणाऱ्या दाढीवाल्या माणसाने फाइल उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. पडद्यावर दांडा लालभडक दिसत होता.

"काकू, बाहेरची बाजू निळी दिसायला हवी. तुमचे सगळेच्या सगळे तुकडे उलटे आहेत. नवशिक्याचे एखाददोन असतात. पण सगळे? आत बसून बनवलंत की काय?"

"आत बसूनच बनवलंय," बाई म्हणाल्या. "आम्ही उलट्या बाजूनेच शिवतो. शेवटी सुलटं करायचं. ते इथे कसं करतात, तेवढं सापडलं नाही."

तो हसायला गेला आणि थांबला. मग त्याने एक कळ दाबली, लाल दांडा निळा झाला. तीन तास बाई त्या यंत्रासमोर बसून राहिल्या. थरावर थर चढताना डोळ्यांत तेल घालून पाहिलं, आणि दांडा हातात आला तेव्हा गरम होता.

घरी आल्या आल्या त्यांनी तो मुठीत घालायला घेतला. शिरेना. जरा जोर लावला. मेकॅनिकच्या घशातून असा आवाज निघाला की बाईंनी हात मागे घेतला. मेकॅनिकनी कोपराने वाटी, चमचा, दांडा सगळं ढकलून दिलं आणि तोंड फिरवलं. त्या दिवशी एकही घास गेला नाही, दुसऱ्या दिवशी दोन गेले.

माप तर बरोबर होतं. दहाव्या दुपारी बाईंनी वही आणि पडदा समोरासमोर धरले आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. प्रत्येक मापात त्यांनी अर्धा इंच जास्त धरला होता. शिवणीची जागा! चाळीस वर्षं कात्री धरलेल्या हाताने न विचारता सोडून दिली होती. प्लास्टिकला कसली आलीय शिवण? त्या एकट्याच रडल्या, कारण चूक आपली होती आणि दुखलं मेकॅनिकना. मग डोळे पुसून एकेक टाका आत घेतला.

बाराव्या दिवशी नवा दांडा आला. पाण्यातून काढलेल्या मुठीत तो अंगठ्याकडून शिरला आणि बसला. दांड्यात बसवलेल्या चमच्याचं तोंड ओठांकडे वळवून घेतलेलं होतं. बाईंनी कुस्करलेल्या बटाट्याची वाटी पुढे ठेवली. मेकॅनिकनी कोपर उचललं. चमचा वाटीत गेला, वर आला, थरथरला आणि अर्धा बटाटा छातीवर पडला. बाईंचा हात रुमाल घेऊन आपोआप पुढे गेला. मेकॅनिक थांबले. कोपर खाली आलं आणि मान भिंतीकडे वळायला लागली.

"बरं बाबा, मी नाही बघत," बाई म्हणाल्या. "मला कामं आहेत."

कामं कसली, पाच महिन्यांत गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली होती. पण त्या उठल्या, पाठ करून मशीनवर बसल्या आणि पायडल मारायला लागल्या. समोरचं काही दिसत नव्हतं, डोळे भरले होते. मशीन खडखड चालत होतं. त्या आवाजातून मागचा आवाज ऐकायला त्यांनी जिवाचे कान केले होते. चमचा वाटीला लागला. बराच वेळ काही नाही. पुन्हा लागला.

मग एकदम टेबलावर ठाक ठाक आवाज झाला. बाई दचकून वळल्या. मेकॅनिक दांड्यासकट मूठ आपटत होते. हनुवटीला बटाटा, पण भुवया अशा चढलेल्या की जुनं गिऱ्हाईक असतं तर मशीन उचलून पळालं असतं. नजर बाईंवर नव्हती, मशीनच्या सुईवर होती. बाईंनी तिकडे पाहिलं. खाली कापडच नव्हतं. रिकामं मशीन चालवलं की कापड पुढे सरकवणारे खालचे दाते झिजतात, यावरून या माणसाने गावभर बायकांना फैलावर घेतलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात बाईंनाही.

"चुकलं," बाई म्हणाल्या. "घालते कापड."

टोपलीतून हाताला लागली ती चिंधी त्यांनी सुईखाली सरकवली. मेकॅनिकनी ती नीट बसेपर्यंत पाहिलं, मग चमचा वाटीत घातला. बाई पुन्हा पाठमोऱ्या झाल्या आणि एकाच चिंधीवर टिपेवर टीप मारत राहिल्या, मागे चमचा वाटीचा तळ खरवडायला लागेपर्यंत.