डबा पोचवण्याचं निमित्त

पत्र्याच्या फाटकाच्या फटीला विनयानं डोळा लावला. आत अंगणात चटयांवर तीसेक मुलं बसली होती, पुढ्यात खिचडीच्या ताटल्या, हात जोडलेले, डोळे मिटलेले. मागे भिंतीशी पाठमोरी सुखदा उभी होती आणि तिचेही हात जोडलेलेच दिसत होते. एकोणीस वर्षं वाढवलेली पोर तीन दिवसांत हातची गेली.

"कौन है?" आतून बाईंचा आवाज आला.

"मी... सुखदाची आई. डबा विसरली ती."

सुखदा डबा विसरली नव्हती. विनयानंच तो सकाळी ओट्याखालच्या कपाटात सरकवून ठेवला होता. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तर आधी हातात भांडं तरी हवं!

फाटक उघडलं. हेमलताबाई हसून "या ना" म्हणाल्या, पण तिला आत घेण्याआधी त्यांनी मागे वळून टाळी वाजवली. "बच्चों, अपनी-अपनी प्लेट लेकर अंदर चलो." मुलं ताटल्या सांभाळत खोलीत गेली. विनया आत आली तेव्हा अंगणात नुसत्या चटया उरल्या होत्या. आपल्याला बघून मुलं का लपवावी लागतात? ज्याचं सगळं सरळ असतं तो माणूस असं करील का? कुठेतरी पाणी मुरत होतं, हे नक्की.

त्यात त्या बाईंच्या गळ्यातली काळी पोत. फाटकावर निळ्या रंगात 'बाल एवं युवा सेवा' लिहिलेलं, वर क्रूस, आणि सगळं चालवणाऱ्या हेमलता गायकवाड मूळच्या नगरच्या, मराठी बोलणाऱ्या, गळ्यात मंगळसूत्र. गुडगावातल्या दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसलंही नसतं. विनयाला मात्र लख्ख दिसलं. आपल्यासारख्यांना गाफील ठेवायला घातलेलं असणार, दुसरं काय?

"अगं, कॉलेजनंच पाठवलंय तिला," संध्याकाळी अशोक बूट काढत म्हणाला. "सहा आठवड्यांची इंटर्नशिप. मुलांना शिकवायचं, खेळवायचं, सर्टिफिकेट घ्यायचं. संपलं."

"आणि उद्या पोर गळ्यात क्रूस घालून आली म्हणजे?"

"तेव्हा बघू. चहा टाकतेस का?"

अशोक मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होता. सकाळी साडेसहाची कंपनीची बस, संध्याकाळी हा असा चहा. तीन वर्षांपूर्वी ठाणं सोडून ते या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर आले होते. इथे लिफ्ट होती, जनरेटर होता, खिडकीतून नवे टॉवर उठताना दिसत होते. बोलायला तेवढं माणूस नव्हतं. कामाची बाई टिकत नव्हती, चौथीही गेल्या महिन्यात शेजारच्या टॉवरमध्ये निघून गेली. भांडी घासून झाली की विनयाला संशय घ्यायला दुपार मोकळी असायची.

तिनं सुखदाची सॅक उपसली. आत खडूंनी काढलेली चित्रं होती आणि एक वही. वहीत मुलांची नावं, वयं, गावं, आईबाप बांधकामाच्या कुठल्या साइटवर, शाळेत जातो का. एवढी माहिती खिचडी वाढायला कशाला लागते? तिनं ठाण्याला बहिणीला, भानुमतीला, फोन लावला. "नावं लिहून घेतात गं ते लोक!" भानुमतीनंही तिकडून जेवढं तेल ओतता येईल तेवढं ओतलं.

मग डबा रोजच विसरला जाऊ लागला. सुखदा पहिल्यांदा वैतागली, "यार आई, मी तिथेच खाते ना," मग गप्प झाली. हेमलताबाईंनी कडुनिंबाखाली एक स्टूल ठेवलं आणि विनया त्यावर बसून पहारा करू लागली. मुलं आता आत पाठवली जात नव्हती. पण बाईंचं लक्ष मुलांपेक्षा आपल्यावरच जास्त असतं, हे तिच्या ध्यानात आलं होतं. चोराच्या मनात चांदणं, ती स्वतःशी म्हणाली.

मुलांमध्ये एक सोनम होती. दहा वर्षांची, समोरच्या बांधकामावर विटा वाहणाऱ्या जोडप्याची थोरली. जेवणं झाली की कुणी न सांगता ताटल्या गोळा करायची, चटया झटकून घड्या घालायची, मधेच धाकट्या भावाचं नाक पुसायची. विनयाला ती बघताक्षणी आवडली.

"इधर आ, बेटा," एके दुपारी तिनं हाक मारली. "घर में भी सब काम तूच करती क्या?"

"जी."

"रोटी आती है?"

"आती है."

"ऊंचा बिल्डिंग का डर तो नहीं लगता?"

सोनम तोंड उघडणार तोच हेमलताबाईंची हाक आली. "सोनम! अंदर जाओ." पोरगी चटई टाकून पळाली.

आता मात्र विनयाचा बांध फुटला. "काय लपवताय हो तुम्ही? पहिल्या दिवशी मी आले तर पोरं आत, आज मी बोलले तर पोरं आत! डोळे मिटून काय म्हणायला लावता त्यांना? आणि हे मंगळसूत्र कुणाला दाखवायला?"

हेमलताबाईंनी पोतीला हात लावून बघितला, जणू ती गळ्यात आहे हे त्या विसरल्याच होत्या. "हे माझ्या सासूनं घातलं लग्नात. आमच्याकडे नगरला सगळ्याच बायका घालतात. त्यांच्या सासवांनी घातलं होतं त्यांना." त्या बाजूच्या पायरीवर बसल्या. "जेवणाआधी आम्ही प्रभूचे आभार मानतो. मुलांच्या आईबापांना ते ठाऊक आहे, कुणी नको म्हटलं तर त्याचं पोर नुसतं बसतं. सुखदानं पहिल्याच दिवशी विचारलं, हात जोडीन पण म्हणणार काही नाही, चालेल का? म्हटलं, चालेल."

विनयाला एकदम हलकं वाटलं, आणि इतके दिवस उगाच उन्हातान्हात बसलो म्हणून थोडा रागही आला.

"आता मी विचारू?" हेमलताबाई म्हणाल्या. "सोनमला काय विचारत होतात?"

"काही नाही. असंच."

"मागच्या उन्हाळ्यात अशाच दोघी आल्या होत्या, टॉवरमधल्या. जुने कपडे घेऊन. छान बोलायच्या मुलांशी. मे संपायच्या आत दोन मुली दिसेनाशा झाल्या. एकीचा पत्ता लागला, चौदाव्या मजल्यावर भांडी घासते. तिची आई रविवारी खाली उभी राहून वर बघते. गार्ड आत सोडत नाही. तेव्हापासून आम्ही नावं, गावं, सगळं लिहून ठेवतो. आणि बाहेरचं कुणी आलं की मुलं आत."

"अहो, आम्ही तसले नाही हो!" विनया तटकन म्हणाली. "आमच्याकडे खायला-प्यायला काही कमी पडणार नाही तिला. सुखदाचे कपडे आहेत, दुपारी अभ्यासाला बसवीन, घरच्यासारखी राहील..."

बोलता बोलता ती थांबली. तिच्याकडे न बघता हेमलताबाई उठल्या, सोनमनं टाकलेली चटई घडी करून कोपऱ्यात ठेवून आल्या.

चार वाजता मायलेकी निघाल्या. रस्त्यावर लू, तापलेला वारा, सुटली होती, सिमेंटची धूळ दातांत कचकचत होती. विनयाच्या पोटात अपमान राहीना.

"तुझ्या हेमलताताईंनी आज मला काय काय ऐकवलं, माहितेय? जशी काही मी पोरं पळवायला जाते. त्यांच्या मनात कुणी भरवलं हे?"

"मी," सुखदा म्हणाली.

विनया थबकली.

"तू मावशीला फोनवर सांगत होतीस ना. बाया टिकत नाहीत, आता एखादी लहानच बघते, लहान असली की वळण लावता येतं. सुखदाच्या तिथे पुष्कळ आहेत म्हणालीस." सुखदाचा आवाज चढला नव्हता. "दुसऱ्या दिवशी मी ताईंना सांगितलं."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

काय म्हणाली असती ते विनयाला ठाऊक होतं. आत्ता तासाभरापूर्वीच ती ते सगळं म्हणून आली होती. शरमेनं तिचे कान तापले. पोरीला कुणी आपल्यापासून तोडू नये म्हणून ती रोज त्या फाटकाशी गेली होती, आणि पोर आतल्या बाजूनं तिच्यावरच पहारा करत होती.

सर्व्हिस रोडपाशी दोघी थांबल्या. पलीकडे त्यांचा टॉवर उन्हात झळाळत होता.

"म्हणजे उद्यापासून मी येऊ नको?"

"ये ना. बिल्कुल ये. पण सोनम नसेल त्या दिवशी."

"ती तर रोज असते."

"हो," सुखदा म्हणाली, आणि रस्ता ओलांडायला तिनं आईचा हात धरला. विनयाला तो सोडवून घ्यावासा वाटला, पण समोरून डंपर येत होता.