शिकोकूच्या आधीचा डोंगर

केइको-सानची अट साधी होती. लेकीला, मित्राला, पाठीवर घेऊन एक अख्खा दिवस डोंगरात चालून दाखव, मग जपानची तिकिटं काढू.

केइको-सान इथे परदेशात, टाकानिनी उपनगरात, आमच्या समोरच राहते. सत्तरीला टेकलीय, पण पाठ माझ्यापेक्षा ताठ. जपानमधल्या शिकोकू बेटाला फेरी घालणारी एक जुनी वाट आहे. शेकडो वर्षांपासून लोक तिच्यावरून अठ्ठ्याऐंशी देवळं पायी करतात, कधी डोंगरातून, कधी समुद्राच्या कडेकडेने. केइको-सानने त्यातली अर्धी वाट बहिणीबरोबर केली होती. आता बहिणीचे गुडघे गेले, आणि पुढची समुद्रकाठची वाट तशीच राहिली. एप्रिलमध्ये एकटीच जाते म्हणाली, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "मी येऊ?"

नागसेन, माझा नवरा, पोट धरून हसला. "सरिता, तू घरातला जिना उतरताना मित्राचा हात सोडत नाहीस!" माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात त्याची नोकरी नवी, त्याला रजा मिळणं शक्य नव्हतं. पिंपरीहून बाबांनी फोनवर एवढंच विचारलं, "नवस-बिवस नाही ना फेडायचा?"

"नाही बाबा, नुसतं चालायचंय."

"मग जा. बूट चांगले घे."

मलाच खात्री नव्हती. मित्रा तीन वर्षांची. तिच्या जन्मापासून मी सलग रात्रभर झोपले नाहीये. ती श्वास घेतेय ना हे अजून उठून बघते. एकदा तरी या भीतीला घराबाहेर काढून लांबवर चालवून आणावं, असं वाटत होतं. केइको-सानने नाही म्हटलं असतं तर मी पुन्हा कुणाला विचारलं नसतं.

म्हणून मार्चमधल्या त्या शनिवारी आम्ही तिघी क्लीव्हडनच्या पलीकडे समुद्रकाठच्या टेकड्यांवर गेलो. आधी वाळूवरून चाललो, मग खडकांवर बसून पराठे खाल्ले. तिथे केइको-सानने मला ओसेत्ताई म्हणजे काय ते सांगितलं. शिकोकूच्या वाटेवर अनोळखी लोक यात्रेकरूला काहीतरी देतात. कुणी संत्री देतं, कुणी भाताचा गोळा, कुणी ओझं उचलतं. आणि यात्रेकरूने ते नाकारायचं नसतं.

"कधीच नाही?"

"कधीच नाही. आजपासून सवय कर."

मला हसू आलं. "आमच्याकडे पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं. वाढणाऱ्याला ते ठाऊक असतं. तो तरीही वाढतो."

"आमच्याकडेही तसंच," ती म्हणाली. "म्हणून तर नियम करावा लागला असेल."

ती हसली, पण मला मित्रा झाली तेव्हाचे दिवस आठवले. शेजारची लॉरेन दारात येऊन म्हणाली होती, काही मदत हवीय का? मी म्हटलं, नो नो, वुई आर गुड. "स्वीट अ‍ॅज!", म्हणजे मस्तच, म्हणून ती गेली. ती दुसऱ्यांदा विचारेल म्हणून मी बाळाला घेऊन दाराआड कितीतरी वेळ उभी होते.

जेवणानंतर खरा चढ लागला. मेंढ्यांचं कुरण, रात्रीच्या पावसाने निसरडं झालेलं गवत, आणि समुद्रावरून येणारा वारा. मित्राने चालायला साफ नकार दिला. "कॅरी मी, आई." तिला पाठीवर बांधली, केइको-सान पुढे निघाली. अर्ध्यावर माझा पाय सटकला. पडले नाही, पण गवताचा झुबका धरून तिथेच थांबले.

मागून एक जोडपं येत होतं. माणूस चांगला दांडगा, दंडावर गोंदलेलं, पायात जँडल्स, म्हणजे नुसत्या रबरी चपला. "किया ओरा!" त्याने इथला नमस्कार केला. "मी हेमी. हिला वर नेऊ का?"

"नो नो, वुई आर फाइन!"

शब्द आपोआप बाहेर पडले. "स्वीट अ‍ॅज," म्हणत तो पुढे गेलासुद्धा. वर थांबलेली केइको-सान नुसती बघत राहिली.

मी त्याच्या पाठीकडे पाहिलं. कोण कुठला माणूस. जँडल्स घालून निसरड्यावर चालतोय. पाडलं तर? आणि इथूनच मागे फिरले तर? एप्रिलमध्ये केइको-सान एकटी जाईल आणि मी खिडकीतून तिची टॅक्सी बघेन.

"एक्स्क्यूज मी!" वाऱ्याने ते उडवून नेलं. मग मी ओरडलेच. "हेमी! यस! प्लीज!"

आवाज फाटला. एक मेंढी दचकून पळाली. हेमी वळला, खाली आला आणि त्याने मित्राला माझ्या पाठीवरून खांद्यावर घेतलं.

मला वाटलं मित्रा भोकाड पसरेल. तिने त्याचे दोन्ही कान धरले आणि म्हणाली, "फास्टर!"

मी मागोमाग, तिच्या खाली हात पसरून.

"हात खाली," केइको-सान म्हणाली.

मी अर्धे खाली केले.

वर पोचल्यावर मित्रा उतरायलाच तयार नव्हती. हेमीची बायको म्हणाली, बसू दे गं, त्याला तेवढाच व्यायाम. केइको-सान मात्र खाली गवतावर बसली आणि गुडघा चोळत म्हणाली, "दुखतोय. उतरताना माझी सॅक तू घे."

इतक्या महिन्यांत तिने मला पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. मी लगेच तिची सॅक उचलून पाठीला लावली.

"म्हणजे मी पास?"

"मला कुणीतरी लागणारच आहे," ती म्हणाली.

तेवढ्यात नागसेनचा फोन. "कुठवर आलात? मित्रा कुठंय?"

"एका माणसाच्या खांद्यावर."

"कुठल्या माणसाच्या?"

"हेमीच्या."

"हेमी कोण? सरिता, तू बरी आहेस ना?"

"मस्त आहे. तिकिटं काढतेय."

"अगं, आधी खाली तर उतरा!"

"इथे रेंज चांगली आहे," मी म्हणाले. "मित्राच्या पासपोर्टचा फोटो पाठव. आत्ता."