नहूम कोहेनचे हात

नहूम कोहेन रोज सकाळी एक कोकरू अर्पण करायचा. तोंडानं. दुसरा इलाजच नव्हता. ज्यूंचं जेरुसलेममधलं मंदिर पडून दोन हजार वर्षं होत आली, वेदी गेली, विस्तव गेला, आणि ज्यांच्या घराण्यात वेदीची पिढीजात चाकरी, ते कोहेन आता जेरुसलेमच्या बोळांतून गॅसचे सिलिंडर पोचवत फिरत होते. म्हणून जुन्या लोकांनी एक सोय करून ठेवली होती. प्रार्थनेआधी तोरा या धर्मग्रंथातले बलींचे अध्याय वाचायचे, आणि वाचलं की वाहिलं असं धरायचं. नहूमचा बाप कुर्दिस्तानातून आला तेव्हा सोबत सामान असं काही नव्हतंच, पण हे अध्याय त्याला तोंडपाठ होते आणि ते त्यानं पोराकडून रोज सकाळी घोकून घेतले.

नहूम ते भक्तीनं वाचायचा असं म्हणवत नाही. नव्या नोकरीवर रुजू व्हायचं पत्र कधीही येईल, अशा बेतानं माणूस नियम वाचून ठेवतो तसा वाचायचा. कोकरू वेदीच्या कुठल्या अंगाला उभं करायचं, रक्त कुठे शिंपडायचं, कालची राख कुणी काढायची आणि ती काढताना अंगावर कपडे कुठले. उद्या मंदिर उभं राहिलंच तर आपली फजिती नको. त्याची बायको साबरिया म्हणायची, "घरातल्या शेगडीची राख जन्मात काढली नाहीत, आणि देवाच्या राखेची केवढी ती काळजी." यावर तो हसायचा. तेव्हा त्याला हसू यायचं.

वाचन हल्लीही चालूच होतं, पण तो त्यात एकच गोष्ट शोधत होता आणि ती सापडत नव्हती.

बोळाच्या टोकाला कुर्दिस्तानातून आलेल्या त्यांच्या लोकांचं एवढंसं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर, होतं आणि त्यात कोहेन म्हणून नहूम एकटाच. मंदिर गेलं तरी कोहेनकडे एक काम शिल्लक राहिलं आहे. रोज सकाळच्या प्रार्थनेत तोराच्या कपाटासमोरच्या पायरीवर उभं राहायचं, शाल डोक्यावरून तोंडापर्यंत ओढून घ्यायची, हात उंच करायचे आणि लोकांना देवाच्या नावानं आशीर्वाद द्यायचा. त्याआधी लेवी घराण्यातला माणूस कोहेनच्या हातांवर पाणी घालतो. इथला लेवी म्हणजे शब्ताई गवंडी. दोघं एकाच बोळात वाढलेले. पाणी घालता घालता शब्ताई हळूच म्हणायचा, "नीट चोळ रे, कालच्या तळलेल्या कुब्ब्यांचं तेल अजून बोटांना आहे," आणि मग आशीर्वाद देताना नहूमला हसू आवरायची पंचाईत व्हायची.

कोहेनला एक बंधनही असतं. प्रेताबरोबर एका छपराखाली यायचं नाही. त्यामुळे बोळात कुणी गेलं की तिरडी निघायच्या आधी एकजण पुढे जाऊन ओरडतो, कोहेन असतील त्यांनी बाजूला व्हा. गेल्या वर्षी द्राक्षं उतरवायच्या दिवसांत वरच्या आळीतली एक म्हातारी गेली, आणि ओरडणारा ओरडायचं विसरला. नहूम सिलिंडर उतरवून नुकताच गाडीत बसला होता. त्या बोळावर या तोंडापासून त्या तोंडापर्यंत वेलीचा मांडव आहे, त्या दिवसांत पानांनी गच्च भरलेला. समोरच्या वळणावरून तिरडी आत आली. शास्त्राच्या लेखी तो मांडव म्हणजे छप्परच. बाहेर पडलं पाहिजे, एवढंच नहूमच्या डोक्यात आलं. त्यानं गाडी झटक्यात मागे घातली, मागे न बघता. मागे शब्ताईची अस्मेर होती, चार वर्षांची. लोक कुठे चाललेत ते बघायला ती धावत आली होती.

एका प्रेतापासून लांब व्हायला गेला आणि दुसरं करून बसला. खाली उतरून त्यानं तिला उचलून पोटाशी धरलं. मेलेल्याला कोहेननं शिवायचं नसतं, पण ते त्या वेळी त्याला आठवलं नाही. पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली आणि घरी पाठवलं, आणि घरी पाठवलं हीच त्याला सगळ्यात मोठी शिक्षा वाटली.

त्या दिवसापासून त्यानं हात वर केले नव्हते. ज्या हातांनी माणूस मेला, मग ते चुकून का होईना, ते हात आशीर्वादाला उचलायचे नाहीत, असं शास्त्र आहे. ती वेळ आली की तो उठून अंगणात जायचा आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. आत हाखाम पिन्हास, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, कोहेन नसला की म्हणायची ती प्रार्थना म्हणून वेळ भागवायचे.

आणि रोज सकाळी तो बलींचे अध्याय उघडायचा. चुकून घडलेल्या पापांची तिथे किती सोय केली आहे! चुकून निषिद्ध चरबी खाल्ली, शेळी आण. अशुद्ध असताना नकळत पवित्र वस्तूला हात लागला, मेंढी आण. गरीब असशील तर पारवे आण. त्याहून गरीब असशील तर थोडं पीठ आण, तेवढ्यावरही भागेल. नहूम बोट ठेवून वाचायचा, शेळीवरून पिठापर्यंत उतरायचा आणि पुन्हा वर चढायचा. चुकून माणूस मारला, त्याच्यासाठी वेदीवर काहीच नव्हतं. त्यानं आश्रयाच्या नगरात पळून जायचं आणि मंदिराचा मुख्य कोहेन मरेपर्यंत तिथंच राहायचं. तो मेला की याची सुटका. आता मुख्य कोहेनच नाही, तर मरणार कोण आणि सुटायचं कधी? ती नगरंही राहिली नाहीत. म्हणजे आज मंदिर जागच्या जागी असतं आणि आपण जगातली सगळी कोकरं हाकत नेली असती, तरी आपल्याला दारातून परत पाठवलं असतं, हे इतक्या वर्षांच्या वाचनानंतर त्याला आत्ता कळत होतं. कळूनही दुसऱ्या दिवशी तो पहिल्या ओळीपासून वाचायला बसायचा. साबरिया एकदा म्हणाली, "असतं तर सापडलं असतं हो." तिनं वाईट मनानं म्हटलं नव्हतं. पण नंतर ती सकाळी त्याच्यासमोर बसेनाशी झाली.

लोकांना मात्र आपला कोहेन हवा होता. कुणाचा पोरगा सैन्यात, कुणाची सून दिवसांत, आणि रोजचा आशीर्वाद बंद म्हणजे काय? चुकून झालं ते झालं, त्याची शिक्षा आम्हाला का, असं एकदोघांनी बोलूनही दाखवलं. माणसं अशीच असतात, दुसऱ्याचं दुःख त्यांना वर्षभर पुरतं, पुढे गैरसोय वाटायला लागते. शेवटी हाखामांनी नहूमला बोलावलं.

ते म्हणाले की या बाबतीत एक मत कडक आहे आणि एक मऊ आहे. मनापासून पश्चात्ताप झाला असेल तर पायरी चढायला हरकत नाही असं सांगणारेही मोठे लोक होऊन गेले आहेत, आणि आपण मऊ मत धरायचं ठरवलं आहे.

नहूमनं ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "हाखाम, त्या दिवशी मी गाडी हलवलीच नसती, मांडवाखाली बसून राहिलो असतो, तर किती पाप लागलं असतं?"

हा प्रश्न येणार हे हाखामांना ठाऊक होतं, आणि तो येऊ नये असं त्यांना फार वाटत होतं.

"काही नाही," ते म्हणाले. "अडकलेल्या माणसाला कसलं पाप? बसून राहायचं. तिरडी गेली की निघायचं."

मग हाखामांनी एक अट सांगितली. हा आशीर्वाद प्रेमानं द्यायचा असतो, तसे शब्दच त्यात आहेत. खाली उभ्या असलेल्या एकाच्याही मनात कोहेनबद्दल वैर असेल, तर त्यानं पायरी चढू नये. म्हणून त्यानं आधी शब्ताईला विचारून यावं.

नहूम शब्ताईकडे गेला तो नकार आणायला. दार उघडल्या उघडल्या शब्ताई तोंडावर थुंकेल, आयुष्यात पुन्हा हात वर करू नकोस म्हणून सांगेल, आणि तेच आपलं आश्रयाचं नगर होईल, अशी त्याची आशा होती. वर्षभरात त्यानं दुसरी आशा केली नव्हती. अपघातानंतर तो या घरी एकदाच आला होता, तेव्हा शब्ताईच्या बायकोनं त्याला दारातून बघितलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं होतं. ते त्याला बरं वाटलं होतं.

शब्ताई अंगणात वाळू चाळत होता. त्यानं नहूमला बघितलं, चाळण खाली ठेवली आणि बस म्हणाला. चहा आणायला स्वतःच आत गेला. ग्लास समोर ठेवून म्हणाला, "हाखामांनी पाठवलंय ना? माझ्या मनात वैर आहे का विचारायला."

"हो."

"नाही."

नहूमनं उचललेला ग्लास परत खाली ठेवला.

"होतं," शब्ताई म्हणाला. "हिवाळाभर होतं. तेव्हा बरं चाललं होतं माझं. सकाळी उठलं की तुझा राग राग करायचा, तेवढं एक काम होतं. मग ते पण संपलं. तू भिंतीकडे तोंड करून उभा असतोस ना अंगणात, ते आता नुसतं दिसतं, बाकी काही होत नाही."

"मला नाही म्हण, शब्ताई. मी हाखामांना सांगतो, तू नाही म्हणालास म्हणून."

"खोटं कशाला सांगू?" शब्ताईनं वाळूत हात घातला आणि एक खडा काढून बाजूला टाकला. "त्या दिवशी सकाळी आली होती ती माझ्याबरोबर. माझ्या शालीखाली उभी होती, पोटाला डोकं लावून. तू वरून म्हणालास, देव तुला सांभाळो. मी आमेन म्हटलं. ती पण म्हणाली, एवढ्या मोठ्यानं की मी गप्प केलं तिला. त्यानंतर तासभर पण झाला नसेल."

नहूमला ती सकाळ आठवली. आमेन म्हणणारं ते लहान पोर कुणाचं, असा विचार त्या वेळी शालीच्या आत त्याच्या मनात येऊन गेला होता.

"मी तुला दोष देत नाही," शब्ताई म्हणाला. "तू म्हणालास, तुझं काम तू केलंस. मी आमेन म्हटलं, माझं मी केलं. तिसऱ्यानं काय केलं, ते तू मला सांग. रोज वाचतोस ना तू?"

चहा गार होऊन गेला.

"ये उद्या," शब्ताई उठत म्हणाला. "मी पाणी घालतो. मला त्यात काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी नहूमनं अध्याय वाचले नाहीत. समजायला लागल्यापासून हे पहिल्यांदाच घडलं. साबरियानं धुतलेली शाल काढून दिली, जरा उजेड आल्यासारखं तिचं तोंड दिसत होतं, आणि तिला काय सांगावं हे त्याला कळेना, म्हणून तो काही न बोलता निघाला. सिनेगॉगमध्ये नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. बातमी गेली होती. एकदोघांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

वेळ झाल्यावर तो चपला काढून कोपऱ्यातल्या घंगाळाशी गेला. शब्ताई तांब्या घेऊन उभाच होता. त्यानं मनगटापर्यंत पाणी घातलं, दोन्ही हातांवर, अगदी रीतसर. थेंब न सांडता. नहूम त्याच्या तोंडाकडे बघायची हिंमत करून बघता झाला, तर तिथे राग नव्हता, दया नव्हती, एक काम उरकणारा गवंडी होता. त्यानं टॉवेल पुढे केला.

नहूम पायरी चढला. शाल तोंडावर ओढली, लोकांकडे वळला, हात उचलले. हात उचलले गेले याचं त्यालाच नवल वाटलं. प्रेमानं, हा शब्द त्यानं कसाबसा पार केला. मग रीतीप्रमाणे हाखाम आशीर्वादाचा एकेक शब्द सांगू लागले आणि नहूमनं तो मागोमाग म्हणायचा होता. समोर सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. आशीर्वाद देवो, हाखाम म्हणाले. नहूम म्हणाला. मग देवाचं नाव आलं. तेही नहूमनं म्हटलं.

"आणि तुला सांभाळो," हाखामांनी सांगितलं.

नहूमचं तोंड उघडलं, आवाज आला नाही. शालीच्या आत त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. हाखामांनी तोच शब्द पुन्हा सांगितला, जरा मोठ्यानं, त्याला ऐकू गेलं नसेल असं समजून. तरी नाही. कुणी खोकलं. एका बाकाची करकर झाली. आता आपण कोसळू, आपल्याला धरून खाली नेतील, आणि मग हे सगळं कायमचं संपेल, असं त्याला वाटलं, आणि ते व्हावं म्हणून तो अक्षरशः वाट बघत उभा राहिला.

आशीर्वादाच्या मधे बोलायचं नसतं. पण खालून आवाज आला, शब्ताईचा, रोजच्या बोलण्यातला.

"म्हण, नहूम. लोकांना कामावर जायचंय."

नहूमनं म्हटलं.

सगळे आमेन म्हणाले. त्यात शब्ताईचंही होतं, बाकीच्यांच्या आवाजाएवढंच. हाखामांनी पुढचा शब्द सांगितला. नहूमनं तोही म्हटला, आणि त्याच्या पुढचाही, आणि त्याला आता थांबवणारं कुणी नव्हतं.